फ्लिकर हेडसेटचा आकडा दर वेळी वेगळा येतोय? डोळ्याला दोष द्यायच्या आधी हे तपासा

फ्लिकर हेडसेट म्हणजे डोळ्याला लावायचा खोका, आतल्या उजेडाची लुकलुक माणसाला किती वेगापर्यंत दिसते ते मोजणारा. तुमच्या हेडसेटला खालचं काही होतंय का ते आधी बघा, होत नसेल तर पुढचं वाचत बसू नका.

– त्याच माणसाचा आकडा सकाळी ४६, संध्याकाळी ४२, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत ४६.
– दहा-बारा जणांची टेस्ट घेतली की सगळे मोजक्याच आकड्यांवर येऊन बसतात, मधलं कोणीच नाही.
– एखादा पठ्ठ्या ८० च्या वर गेलं तरी "अजून थरथरतंय" म्हणतो.
– एका डोळ्याला कमी, दुसऱ्याला जास्त, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं तेच.
– सलग दिसणारा उजेड मध्येच ठसका लागल्यासारखा अडखळतो.
– बटण एकदा दाबलं, आकडा दोनने सरकला.

सोलापुरात माझं रिपेरिंगचं दुकान आहे, मिक्सर, इन्व्हर्टर, पूर्व भागातल्या लूमचे कंट्रोल पॅनल असलंच रोजचं काम, पण गेली तीनेक वर्षं इंजिनिअरिंगची आणि सायकॉलॉजीची पोरं हे डोळ्याला लावायचे खोके घेऊन यायला लागलीत आणि प्रत्येकाची तक्रार एकच, रीडिंग स्थिर राहत नाही. आता इतके उघडलेत की पोरगं दारातून आत येतानाच अंदाज येतो कुठं घोळ असणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. खोक्यात एलईडी असते, ती सेकंदाला ठराविक वेळा लुकलुकते, वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर लुकलुक दिसायची थांबते आणि सलग उजेड दिसतो, तो टप्पा म्हणजे त्या माणसाचा आकडा, हर्ट्झमध्ये. माणसामाणसात यात बराच फरक असतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये छापलेल्या अभ्यासात काहींना ३५ च्या आसपासच उजेड सलग दिसला आणि काहींना ६० च्या पुढंही लुकलुक दिसत होती. म्हणजे दोन मित्रांत दहाचा फरक आला तर हेडसेट बिघडला असं नाही. एकाच माणसात काही तासांत चारचा फरक आला तर मात्र बघायला पाहिजे.

आणि हे आधीच सांगतो, ज्याला कधी फिट आलीय, किंवा घरात कोणाला येते, त्याला हे डोळ्याला लावूच नका. सेकंदाला १५ ते २५ वेळा चमकणारा उजेड सगळ्यात धोक्याचा, पण त्याच्या खाली-वर पण त्रास होऊ शकतो. १९९७ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड सेकंदाला साधारण १२ वेळा चमकला आणि शेकडो पोरं दवाखान्यात गेली. टेस्ट वरून सुरू करा, ६५-७० वरून खाली या, आणि ३० च्या खाली जायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही. कोणाला गरगरलं, मळमळलं की हेडसेट काढा, "अजून दोनच रीडिंग" करू नका.

आता तपासणी, फुकटातल्यापासून सुरू करू.

सगळ्यात आधी माणूस बघा, मशीन नंतर. झोप झालेली नसली की आकडा खाली येतो. जानेवारीत एक ग्रुप गड्ड्याच्या जत्रेत रात्री उशिरापर्यंत फिरून सकाळी माझ्याकडे आला, म्हणे हेडसेट ३८ दाखवतोय सगळ्यांना. मी म्हटलं पोरांनो घरी जा, झोपा, उद्या या. दुसऱ्या दिवशी हेडसेटला हात न लावता आकडे जाग्यावर. दुसरं, बाहेर मे महिन्याचं ऊन, त्यातून माणूस आत आला आणि लगेच खोका लावला तर चालत नाही, पाच मिनिटं आत बसू द्या. तिसरं, वरून खाली येताना मिळणारा आकडा आणि खालून वर जाताना मिळणारा आकडा वेगळे असतात, हा बिघाड नव्हे, माणूस बटण दाबायला थोडा उशीर करतोच किंवा अंदाजाने आधीच दाबतो. दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा घ्या आणि सरासरी काढा. काल फक्त उतरता घेतला आणि आज फक्त चढता, तर फरक येणारच की.

डोळ्याच्या कॅम्पमध्ये बाहुली मोठी करायचे थेंब घालून आलेल्याची टेस्ट त्या दिवशी घेऊ नका. बाहुली मोठी म्हणजे आत उजेड जास्त, आणि उजेड बदलला की आकडा बदलतो.

हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण माझ्याकडे आलेल्या बहुतेक हेडसेटचं दुखणं तिथंच होतं. पोरं फ्रिक्वेन्सी, म्हणजे लुकलुकीचा वेग, तपासत बसतात, वेळ धरणारा क्रिस्टल बदलतात, बोर्ड बदलतात, आणि उजेड किती पडतोय हे कोणी बघत नाही. फेरी नावाच्या संशोधकाने १८९२ मध्ये आणि पोर्टरने १९०२ मध्ये हे मोजून ठेवलंय, उजेड दर वेळी तेवढ्याच पटीत वाढवला की आकडा दर वेळी तेवढ्याच हर्ट्झने वर सरकतो, ढोबळमानाने उजेड दहापट केला तर दहा-एक हर्ट्झ वर. म्हणजे उजेड निम्मा झाला तर तीनेक हर्ट्झ खाली. सकाळी ४६ आणि संध्याकाळी ४२ चं कोडं इथं सुटतं.

कसं ते बघा. आत १८६५० नंबरचा लिथियम सेल असतो, फुल चार्जला ४.२ व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, आणि पोरांनी मध्ये १०० ओहमचा रेझिस्टन्स टाकलेला असतो. ४.२ मधून ३ गेले, उरले १.२, म्हणजे १२ मिलिअँपिअर करंट, आणि जसा करंट तसा उजेड. दुपारपर्यंत सेल ३.६ वर आला, उरले ०.६, म्हणजे ६ मिलिअँपिअर. सेल अजून चांगला आहे, स्क्रीन झकास चालू आहे, बॅटरीची खूण अर्धी दाखवतेय, आणि उजेड मात्र निम्मा झालाय. डोळ्याला ते कळत नाही कारण डोळा उजेडाशी जुळवून घेतो, पण आकडा तीनने खाली जातो. एलईडीला व्होल्ट जास्त लागतात आणि सेलमध्ये जरा वरच असतात, म्हणून एवढासा फरक पण एवढा मोठा दिसतो.

तपासायला एक पैसा लागत नाही. मोबाईलमध्ये लक्स, म्हणजे उजेडाचं माप, दाखवणारं कुठलंही फुकट ॲप टाका, एलईडी लुकलुक न करता सलग पेटवा, मोबाईलचा वरचा सेन्सर खोक्याच्या डोळ्याच्या भोकाला लावा आणि आकडा लिहून घ्या, एकदा सेल फुल असताना आणि एकदा दोन तास वापरल्यावर. मोबाईलचा लक्स खरा नसतो पण आपल्याला खरा नकोच आहे, पहिला आणि दुसरा यांची तुलना हवीय. मोबाईल दोन्ही वेळा तोच, आणि धरायची जागा पण तीच. फरक दिसला तर दोष सापडला. इलाज म्हणजे कॉन्स्टंट करंटचा छोटा ड्रायव्हर, सेल उतरला तरी करंट तेवढाच ठेवणारा, नाहीतर सेलच्या पुढे व्होल्टेज वाढवून ५ वर धरणारं बूस्ट मॉड्यूल टाकून त्यावर एलईडी चालवायची आणि रेझिस्टन्स त्या हिशोबाने बदलायचा. तोपर्यंत जुगाड एवढाच की प्रत्येक रीडिंगच्या शेजारी सेलचं व्होल्टेज लिहायचं आणि ४ च्या खाली गेलं की टेस्ट बंद.

चार्जर लावून टेस्ट घेऊ नका. स्वस्तातल्या चार्जरमधून ५० हर्ट्झची भेसळ आत आली आणि तुमची एलईडी ४८ वर चालली असेल तर दोघांची गाठ पडून सेकंदाला दोनदा उजेड हळूच कमीजास्त होतो, माणूस त्यालाच लुकलुक समजतो आणि "दिसतंय, दिसतंय" करत राहतो. पिन काढा, लाट गेली तर चार्जरच. शिवाय चार्जिंगला लावलेली वस्तू कोणाच्या डोक्याला बांधणं मला तरी पटत नाही.

बाहेरचा उजेड. नाकापाशी फट असतेच. तिथून खोलीतल्या ट्यूबचा उजेड आत आला की एलईडीचा काळा भाग काळा राहत नाही, लुकलुक फिकी पडते, आकडा खाली येतो. खोलीतला दिवा चालू-बंद करून दोन रीडिंग घ्या, फरक आला तर फट बुजवा. पोरं फोम लावतात, तो महिन्यात घामाने चिंब होऊन गळतो. माझ्याकडे काय करतो सांगू, डोक्यावरून आपली सोलापुरी चादर घालतो, जाड विणीची, दुपारी दोनला पण आत ठार अंधार. उन्हाळ्यात माणूस वैतागतो हे खरं, दहा मिनिटांच्या वर आत ठेवू नका, भिंगावर वाफ धरते आणि ते परत नवीन दुखणं.

भिंग पुसताना पुढचा पडदा बघून घ्या. एलईडीच्या पुढे बटर पेपर किंवा टेबल टेनिसच्या बॉलची अर्धी वाटी असायला पाहिजे, उजेड सगळीकडे सारखा पसरायला. ती सरकली आणि एलईडीचा ठिपका उघडा दिसायला लागला की ८० च्या वर थरथरणारा पठ्ठ्या तयार होतो, कारण डोळा झर्रकन फिरवला की लुकलुकणाऱ्या ठिपक्याची ठिपक्याठिपक्यांची रांग दिसते, आणि ती शेकड्यातल्या हर्ट्झलाही दिसते. रात्री पुढच्या गाडीच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघताना नजर फिरवा, काहींची अशी रांग दिसेल. म्हणून पडदा घट्ट चिकटवा, मध्ये काळ्या पेनने टिंब काढा आणि टिंबाकडेच बघायला सांगा. टिंब सोडून बाजूला बघितलं तर बाजूची नजर वेगळा आकडा देते, ती वेगळी भानगड.

आता दोन डोळ्यांची गोष्ट. ही मला सगळ्यात आवडते कारण लोक घाबरून येतात. एक काका आले, पोराने बनवलेला हेडसेट घेऊन, म्हणे "मालक, उजव्या डोळ्याला कमी येतंय, मोतीबिंदू असेल का?" मी म्हटलं काका, हेडसेट उलटा करा. म्हणजे शब्दशः उलटा, वरची बाजू खाली, हाताने धरून डोळ्याला लावा. आता उजव्या डोळ्यापुढे डावी एलईडी आली. कमी आकडा डाव्या डोळ्याकडे गेला तर दोष एलईडीत, उजव्याकडेच राहिला तर डोळ्याकडे बघायचं. काकांचा आकडा डावीकडे गेला, एका एलईडीचा सोल्डर ड्राय होता, म्हणजे टाका नीट धरलेला नव्हता, दोन मिनिटांचं काम. काकांनी चहा पाजला.

तिथंच अजून एक बघून घ्या. वेग एकदम कमी करून सेकंदाला एकदा ठेवा. दोन्ही एलईडी एकदम पेटून एकदम विझायला पाहिजेत. पोलिसांच्या गाडीसारख्या आलटून-पालटून पेटत असतील तर एकीची वायर उलट्या बाजूने जोडलीय. वेगात ते कधीच दिसत नाही, पण दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेला आकडा त्याने खाली येतो.

इथपर्यंत खर्च शून्य. आता प्रोग्रॅम.

सायकॉलॉजीची एक मुलगी आली होती, बारा जणांची वही घेऊन, आणि खूश होती कारण आकडे किती सारखे आलेत. उतरताना ५०, ५०, ४५, ५०, ४५, ४१, ४५. चढताना ५१, ५१, ४६, ५१, ४६, ४२, ४६. मी वही बघितली आणि म्हटलं ताई, माणसं अशी नसतात. प्रोग्रॅम उघडला तर तेच, अर्ध्या लुकलुकीचा वेळ मिलिसेकंदात काढलेला, १००० भागिले फ्रिक्वेन्सीची दुप्पट, आणि पूर्णांकात. ४६ ला उत्तर येतं १०.८७, बोर्ड धरतो १०. ५० ला उत्तर १०, बोर्ड धरतो १०. म्हणजे स्क्रीनवर ४६, ४७, ४८, ४९, ५० काहीही असो, एलईडी ५० वरच चालते. ५१ ते ५५ सगळे ५५.५६ वर, ४२ ते ४५ सगळे ४५.४५ वर, ३९ ते ४१ सगळे ४१.६७ वर. जिन्याच्या पायऱ्या आहेत, उतार नाहीच. माणूस उतरताना पायरी बदलली की बटण दाबतो, म्हणून ५०, ४५, ४१, आणि चढताना त्याच पायऱ्यांच्या दुसऱ्या काठावर, म्हणून ५१, ४६, ४२. तुमच्या वहीत हे आकडे दिसले तर हेडसेट उघडू पण नका, कॉम्प्युटर उघडा.

खात्री करायची असेल तर मोबाईलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढा, हेडसेट ४८ वर ठेवा, आणि दहा लुकलुकी किती फ्रेममध्ये होतात ते एकेक फ्रेम सरकवत मोजा. ५० फ्रेम यायला पाहिजेत. तिच्या हेडसेटला ४८ आल्या, म्हणजे एलईडी ५० वर. काही स्वस्त मोबाईल स्लो मोशनच्या नावाखाली त्याच फ्रेम डबल करतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, त्यापेक्षा हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर एलईडीच्या दोन पायांना लावा, सरळ उत्तर मिळतं.

इलाज, वेळ मायक्रोसेकंदात काढा, दहा लाख भागिले फ्रिक्वेन्सीची दुप्पट, ४८ ला १०,४१६. पण इथं दुसरा खड्डा आहे, आर्डुइनोचं, म्हणजे पोरं वापरतात त्या बोर्डाचं, मायक्रोसेकंदवालं डिले फंक्शन १६,३८३ पर्यंतच नीट चालतं, ३० हर्ट्झला १६,६६७ लागतात, म्हणजे ३१ पर्यंत ठीक आणि ३० ला गडबड. त्यामुळे खरं औषध टायमर इंटरप्टचं आहे, म्हणजे बाकी काहीही चालू असो, बोर्डातलं घड्याळच ठरल्या वेळी एलईडी चालू-बंद करतं, टायमर १ हा १६ बिटचा आहे तो वापरा. क्रिस्टलला, रेझोनेटरला दोष देऊ नका, अर्धा टक्का चुकला तरी ५० ला पाव हर्ट्झ, तेवढ्याने काही बिघडत नाही.

मध्येच बसणारा ठसका पण टायमरनेच जातो. स्क्रीनवर नवीन आकडा काढायला बोर्डाला वेळ लागतो, तेवढ्यात एलईडी जिथं आहे तिथं अडकते. माणसाला तो झटका दिसतो आणि तो लुकलुक समजून बटण दाबतो. आकडा बदलताना नेमका झटका येतोय का एवढं बघा. येत असेल तर टेस्ट चालू असताना स्क्रीनला हात लावायचा नाही, दोन टेस्टच्या मध्ये काढायचा आकडा.

८० ला थरथरण्याचं अजून एक कारण, ज्या हेडसेटमध्ये "कुठला उजेड लुकलुकतोय, पहिला का दुसरा" असं विचारतात त्यांच्यात. सलग उजेड पूर्ण ताकदीने लावलेला असतो आणि लुकलुकणारा अर्धा वेळ बंद. वेगात गेल्यावर लुकलुकणारा सरळ निम्म्या उजेडाचा दिसतो, माणूस लुकलुक न बघताच "अंधुक तो" असं बरोबर ओळखतो. सलग उजेड निम्मा करा. पण तो पीडब्ल्यूएमने, म्हणजे भराभर चालू-बंद करून, निम्मा करत असाल तर लक्षात ठेवा, बोर्डाच्या बहुतेक पिनांवर तो स्वतःच ४९० हर्ट्झला लुकलुकतो, नजर फिरली की रांग दिसते. रेझिस्टन्सनेच करा.

बटण दोनदा मोजतंय, तर आतली पत्ती उड्या मारते. पहिल्या दाबानंतर ५० मिलिसेकंद काही मोजू नको असं प्रोग्रॅममध्ये सांगा. नाही गेलं तर बटण बदला, दहा रुपयांच्या आतलं काम, घामाने गंजतात.

मोबाईल खोक्यात घालून करायचं का असं हमखास विचारतात. नाही होत. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर जास्तीत जास्त ३० ची लुकलुक काढता येते, त्याखाली थेट २०, मग १५. ज्या भागात आपल्याला मोजायचंय तो भागच त्यात नाही, उलट धोक्याचा भाग आहे.

आता कुठं थांबायचं ते. सेल फुगला असेल, गरम होत असेल, गोडसर वास येत असेल तर तो उघडू नका, टोचू नका, डोळ्यांपासून दोन इंचावर असतो तो. तो बाहेर काढायचं काम माहीतगाराला द्या. उजेड, फ्रिक्वेन्सी, पडदा, बटण सगळं ठीक आणि तरी आकडा नाचतोय, तर माझ्यासारख्याकडे आणून पण उपयोग नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये उजेड टिपणारा फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप लावून उजेडाची लहर स्क्रीनवर बघायला पाहिजे, आणि खरा उजेड किती हे ल्युमिनन्स मीटरशिवाय कळत नाही.

आणि हेडसेट उलटा करून, वेगवेगळ्या दिवशी बघूनही एकाच डोळ्याचा आकडा कमीच येत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. बघितल्यावर रंग फिके वाटतायत, डोळा हलवताना दुखतंय असं काही सोबत असेल तर त्याच दिवशी जा, डोळ्याच्या नसेला सूज आली तरी हा आकडा पडतो. लिव्हरच्या पेशंटमध्ये आजाराचा मेंदूवर परिणाम झालाय का बघायला डॉक्टर लोक ३९ हर्ट्झची रेघ धरतात हे खरं आहे, पण ते ठराविक उजेडाच्या, तपासून घेतलेल्या मशीनवर. सेल ३.६ वर असलेल्या घरच्या खोक्यावर ३८ आला म्हणून कोणाला लिव्हरचा आजार सांगू नका.

दुकानात आणायचाच असेल तर चार्जर घरी ठेवा, सेल फुल करून आणा, आणि रीडिंगची वही नक्की आणा. त्या मुलीचा हेडसेट मी न उघडताच दुरुस्त झाला तो वहीमुळे. परवा ती नवीन आकडे घेऊन आली होती, ४३, ४७, ५२, ४४, ४९, आणि तोंड पाडून म्हणे, "दादा, आता सर म्हणतायत आकडे फार विखुरलेत."